प्लॅनेट झू: जनावरांना जागा आणि निवारा पुरेसा कसा द्यायचा (क्रमवार मार्गदर्शक)

प्लॅनेट झू हा स्वतःचं प्राणिसंग्रहालय उभारून चालवण्याचा व्हिडिओ गेम. तो खेळणाऱ्या नव्या मंडळींची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. एवढं मोठं कुंपण घातलं, आत झाडं लावली, खडक ठेवले, सुंदर झोपडीही बांधली, तरी जनावराच्या वेल्फेअरमध्ये, म्हणजे ते किती सुखात आहे हे दाखवणाऱ्या पट्ट्यांमध्ये, जागेची पट्टी लाल आणि निवाऱ्याची पट्टी अर्धवटच. मग घाईघाईने कुंपण तोडून वाढवलं जातं, त्यात एखादं जनावर बाहेर पडतं, पाहुणे पळत सुटतात आणि सगळाच दिवस वाया जातो.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. सजावट आधी होते आणि हिशेब मागून. या लेखात तो क्रम सुलट केला आहे: आधी आकडे, मग कुंपण, मग जमीन, मग निवारा, आणि झाडं-खडक सगळ्यात शेवटी.

लेख हॅबिटॅटमध्ये, म्हणजे आपण कुंपण घालून तयार केलेल्या आवारात, राहणाऱ्या जनावरांसाठी आहे. साप, कोळी, बेडूक यांच्यासाठी गेममध्ये एक्झिबिट म्हणजे ठरावीक मापाच्या पेट्या असतात. तिथे जागेचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटतो, म्हणून ते इथे घेतलेलं नाही.

## आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या

कुंपणाच्या आत जेवढी जमीन आहे, तेवढी सगळी गेम जनावराची जागा म्हणून मोजत नाही. जनावर जिथे प्रत्यक्ष चालत पोहोचू शकतं तेवढीच मोजली जाते. गेममध्ये तिला ट्रॅव्हर्सेबल एरिया म्हणतात. मोठा खडक ठेवला की त्याच्याखालची जमीन गेली. उतार फार तीव्र झाला की तो भाग गेला. भिंतीमागे अरुंद फट राहिली तर तीही गेली. फ्लॅट घेताना बिल्ट-अप आणि कार्पेट एरियात जो फरक असतो, तोच इथे आहे. जाहिरातीत मोठा आकडा दिसतो, पण राहायला मिळतो तो लहान आकडा.

निवाऱ्याचंही तसंच आहे. निवारा आहे की नाही एवढ्यावर गेमचं समाधान होत नाही. हॅबिटॅटमधली सगळी जनावरं एकाच वेळी आत मावतील का, हे तो पाहतो. पाच जनावरांच्या कळपाला दोघांपुरती झोपडी दिली, तर पट्टी अर्धीच भरणार.

## टप्पा १: झूपीडियातून आकडे उतरवून घ्या

गेममध्ये झूपीडिया, म्हणजे जनावरांच्या माहितीचा कोश, उघडा, हवं ते जनावर निवडा आणि कागदावर पुढची माहिती लिहून घ्या. डोक्यात ठेवू नका, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यात ती लागेल.

पहिली, किमान जमीन. हा आकडा चौरस मीटरमध्ये असतो आणि त्याच्या जोडीला प्रत्येक जास्तीच्या प्रौढ जनावरामागे किती जागा वाढवायची तेही दिलेलं असतं. दुसरी, पाणी. पोहणाऱ्या जनावरांना पाण्याची वेगळी जागा लागते, काहींना खोल पाणीही लागतं. तिसरी, चढण्याची जागा. ओरांगउटानसारख्या चढणाऱ्या जनावरांसाठी हा आकडा जमिनीपासून वेगळा मोजला जातो. चौथी, गटाचा आकार, म्हणजे नर किती आणि माद्या किती चालतात. पाचवी, कुंपणाची उंची, त्याची मजबुती म्हणजे ग्रेड, आणि ते चढता न येणारं असायला हवं का. सहावी, तापमानाची मर्यादा.

सावधान: इंटरनेटवरच्या जुन्या तक्त्यांवर विसंबू नका. अपडेटमध्ये आकडे बदलू शकतात. तुमच्या गेममधल्या झूपीडियात जे दिसतं तेच खरं.

## टप्पा २: शेवटचा कळप ठरवा, मगच जागेचा हिशेब करा

बहुतेक जण आज विकत घेतलेल्या दोन जनावरांसाठी जागा मोजतात. पण नर-मादी एकत्र ठेवले की पिल्लं होणार. जास्तीची जागा प्रौढांच्या संख्येवर मोजली जाते, त्यामुळे पिल्लं लहान असेपर्यंत सगळं हिरवं दिसतं. ती मोठी झाली की एकाच वेळी तीन-चार प्रौढ वाढतात आणि जागेची पट्टी एकदम खाली येते. तुम्ही काहीच बदललेलं नसतं, म्हणून कारण लवकर सापडत नाही.

म्हणून आधी ठरवा की या हॅबिटॅटमध्ये जास्तीत जास्त किती प्रौढ जनावरं राहतील. त्यात पुढच्या एका विणीची पिल्लंही प्रौढ धरा, कारण ती विकायला किंवा हलवायला थोडा वेळ जातोच.

उदाहरणासाठी, फक्त हिशेबापुरते, गोल आकडे घेऊ. समजा एका जनावराला किमान ५०० चौरस मीटर आणि पुढच्या प्रत्येक प्रौढाला ६० चौरस मीटर लागतात. तुम्हाला एक नर आणि चार माद्या ठेवायच्या आहेत. मोठी होऊ घातलेली तीन पिल्लं धरली तर एकूण आठ प्रौढ. पहिल्याचे ५००, उरलेल्या सातांचे ४२०, मिळून ९२०.

आता त्यावर साधारण ३० टक्के वाढवा, कारण खडक, झाडं, खेळणी, निवाऱ्याच्या भिंती आणि कुंपणाजवळचे कोपरे जागा खाणारच आहेत. ९२० चे जवळजवळ १२०० झाले. चौकोनी आकार घेतला तर एक बाजू साधारण ३५ मीटर येते.

आकारही महत्त्वाचा आहे. १२०० चौरस मीटर जागा १० मीटर रुंद आणि १२० मीटर लांब पट्टीतही बसते, पण तिला २६० मीटर कुंपण लागतं. जवळजवळ चौकोनी आकाराला १४० मीटर पुरतं. पट्टीसारख्या हॅबिटॅटमध्ये कुंपणाचा खर्च आणि दुरुस्ती वाढते, पाहुणे दोन्ही बाजूंनी जनावराच्या अगदी जवळ येतात आणि मध्ये निवारा ठेवला की रस्ताच अडतो. शक्यतो गुबगुबीत, वळणदार आकार ठेवा. निमुळते कोपरे टाळा.

पाणी लागणाऱ्या जनावरांसाठी पाण्याची जागा या हिशेबात वेगळी मिळवा. पाणघोडा, ध्रुवीय अस्वल, सुसरीच्या वर्गातली घडियाल, यांच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे पुरेशी जमीन आखून मग त्यातच तळं खोदणं. तळ्याखाली गेलेली जमीन जमीन म्हणून उरत नाही. कुंपणाच्या आतलं क्षेत्र म्हणजे जमीन, अधिक पाणी, अधिक राखीव वाढ.

किमान आकड्यावर थांबू नका, असं मला मनापासून वाटतं. गेममधला आकडा ही तळाची रेघ आहे. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांत वाघांच्या जोडीला मोकळ्या आवारासाठी किमान १००० चौरस मीटर सांगितलेले आहेत आणि तोही किमानच आकडा आहे. बंगाली वाघ गेममध्ये ठेवणार असाल तर निदान एवढं आवार द्या. वाघ चालताना जास्त दिसतो, कोपऱ्यात बसून राहत नाही आणि पाहुण्यांनाही पाहायला बरं वाटतं.

तपासणी: कागदावर आता तीन आकडे असले पाहिजेत: शेवटच्या कळपाची संख्या, त्यांना लागणारी जागा, आणि राखीव वाढीसह आखायची जागा. तिसरा आकडा नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: कुंपण आखा

इथे फार वेळ लावायची गरज नाही, पण क्रम पाळा. आधी गेम थांबवा. कुंपणाच्या एका तुकड्याची लांबी सेटिंगमध्ये दिसते, बदलताही येते. तुकडे मोजून लांबीचा अंदाज घ्या. पूर्ण वर्तुळ जुळून बंद झालं की मगच हॅबिटॅट तयार होतं. एक तुकडा जरी सुटला तरी गेम त्याला हॅबिटॅट मानत नाही.

झूपीडियातली उंची आणि ग्रेड सगळ्या तुकड्यांना द्या. चढणारं जनावर असेल तर चढता न येण्याचा पर्याय चालू करा. वेगवेगळ्या बाजूंना वेगळं कुंपण चालतं, म्हणजे पाहुण्यांच्या बाजूला काच आणि मागे भिंत. पण उंची आणि मजबुती सगळ्यात कमकुवत तुकड्यावरून ठरते, हे विसरू नका. कुंपण काळानुसार झिजतं. वर्कशॉप आणि मेकॅनिक नसतील तर आज पक्कं असलेलं कुंपण काही वर्षांनी धोक्याचं होतं.

आता गेट. कीपर, म्हणजे जनावरांची देखभाल करणारा कर्मचारी, याच दारातून आत येणार. ते मार्गाला जोडलेलं हवं, शक्यतो पाहुण्यांच्या नव्हे तर कर्मचाऱ्यांच्या मार्गाला. निवारा जिथे येणार आहे त्याच बाजूला गेट ठेवा. साफसफाई, चारा आणि उपचार यासाठी कीपरला पूर्ण हॅबिटॅट तुडवावं लागत नाही.

सावधान: पाहुण्यांचा रस्ता हॅबिटॅटला चारही बाजूंनी फिरवू नका. काही जनावरांना गर्दीचा ताण येतो. बघण्याची जागा एक किंवा दोन बाजूंना ठेवा आणि निदान एक लांब बाजू पूर्ण शांत सोडा. तीच निवाऱ्याची बाजू.

## टप्पा ४: जमीन आणि पाणी

सपाट मैदान बघायला कंटाळवाणं वाटतं म्हणून अनेक जण आधी डोंगर उभे करतात. उंचवटे जरूर करा, पण उतार सौम्य ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर स्मूद ब्रश, म्हणजे जमीन गुळगुळीत करणारं साधन, फिरवा. जनावराला जो उतार चढता येत नाही, तो त्याच्या जागेतून वजा होतो. माथ्यावर पोहोचायला रस्ता नसेल तर माथासुद्धा वजा होतो, तो कितीही सपाट असो.

निवारा जिथे यायचा आहे तो तुकडा फ्लॅटन ब्रशने पूर्ण सपाट करा. नंतर बांधकाम उभं राहिल्यावर खालची जमीन हलवायला गेम अडथळा दाखवतो.

तळं करायचं तर आधी खड्डा, मग पाणी. खड्ड्याची कड सगळीकडे पाण्याच्या पातळीपेक्षा उंच नसेल तर पाणी भरलं जात नाही. बहुतेक वेळा एका बाजूची कड थोडी खचलेली असते. ती उचलली की काम होतं. निदान एक किनारा लांब आणि उथळ उताराचा ठेवा, म्हणजे जनावर आत-बाहेर करू शकेल. खोल पाणी लागणाऱ्यांसाठी मधला भाग आणखी खाली ढकला. पाण्याला वॉटर ट्रीटमेंटची सोय द्या. पाणी गढूळ झालं की आजारपण येतं आणि मग जागा-निवारा कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही.

## टप्पा ५: निवारा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

गेमच्या दृष्टीने पक्का निवारा म्हणजे डोक्यावर छप्पर, बाजूंना भिंती आणि आत जनावराला चालता येईल अशी जमीन. तिन्हींपैकी एक जरी कमी पडलं तरी पट्टी भरत नाही. झाडांची दाट सावली निवारा ठरत नाही; झाडी हा वेगळा निकष आहे. चार खांबांवर गवताचं छप्पर टाकलेला मांडव दिसायला छान असतो, पण बाजू उघड्या असल्याने त्याचा उपयोग होत नाही किंवा फार थोडा होतो.

### तयार शेल्टर वापरत असाल तर

हॅबिटॅटच्या वस्तूंमध्ये वेगवेगळ्या मापांचे तयार शेल्टर मिळतात. नव्या खेळाडूने यांपासूनच सुरुवात करावी. जनावराच्या अंगाच्या मानाने माप घ्या. रानडुकरासारख्या ठेंगण्या जनावराला जे पुरतं ते हत्तीला किंवा जिराफाला दारातूनही आत घेत नाही.

एक शेल्टर ठेवा, जनावर आल्यावर पट्टी पाहा. निम्मी भरली तर तेवढ्याच मापाचं आणखी एक ठेवा. एकच प्रचंड शेल्टर बसवण्यापेक्षा दोन मध्यम शेल्टर मला जास्त पटतात. कळपातल्या दुबळ्या जनावराला दुसरीकडे जाता येतं आणि कीपरलाही साफसफाई सोपी जाते.

### स्वतः बांधत असाल तर

क्रम असा ठेवा:

१. सपाट केलेल्या जमिनीवर आतल्या मोकळ्या जागेचा आराखडा ठरवा. शेवटच्या कळपातली सगळी जनावरं शेजारी-शेजारी आडवी झाली तर किती जागा लागेल, त्याचा डोळ्यांनी अंदाज घ्या आणि त्यापेक्षा थोडी जास्त धरा. भिंतींची जाडी या मापाच्या बाहेर ठेवा.

२. तीन बाजूंना भिंती उभ्या करा. चौथ्या बाजूला दार आणि त्याच्या दोन्ही अंगांना थोडी भिंत.

३. दार सगळ्यात मोठ्या प्रौढ जनावराच्या मापाने ठेवा. शिंगं, आयाळ, खांदे धरा. दार अरुंद असेल तर आतली पूर्ण जागा जनावरासाठी नाहीशी होते, कारण तिथे पोहोचताच येत नाही.

४. छप्पर टाकण्याआधी एकदा ट्रॅव्हर्सेबल एरिया लावून आतली जमीन चालण्याजोगी दाखवते का ते पाहा. छप्पर टाकल्यावर आत बघणं अवघड जातं.

५. मग छप्पर. उंच जनावरांसाठी ते पुरेसं वर घ्या आणि मध्ये फटी ठेवू नका.

६. आत झोपण्यासाठी बेडिंग ठेवा. बाकी आतला भाग मोकळा सोडा.

सहावी सूचना वाचायला साधी वाटते, पण ती फार वेळा मोडली जाते. चारा, खेळणी, पाण्याची कुंडी, शोभेचे दगड सगळं आत नेलं जातं, आणि जी जमीन मोजली जाणार होती तीच भरून जाते. निवारा झोपायला आणि नजरेआड व्हायला आहे. चारा बाहेर ठेवा.

अजून काही चुका लक्षात ठेवा. आत लाकडी फरशी टाकून ती जमिनीपासून उंच ठेवली तर जनावर वर पाऊल टाकू शकत नाही; फरशी जमिनीत बुडवा किंवा नुसती माती ठेवा. उतारावर बांधलं तर एका टोकाला छत डोक्याला लागतं. निवाऱ्याची मागची भिंत काचेची करून ती पाहुण्यांच्या गॅलरीला लावली, तर जनावराला लपायला जागाच उरत नाही. पाहुण्यांना आत बघू द्यायचंच असेल तर एका बाजूने दिसणारी वन-वे काच वापरा, आणि तरीही दुसरा एक पूर्ण बंद निवारा वेगळा द्या.

### डोंगरातली गुहा

जमीन उचलून टेकडी केली की तिच्या पोटात आडवं खोदून गुहा करता येते, आणि ती अस्वलांना, बिबट्यांना फार शोभते. अडचण तळाची असते. आत खोदताना जमीन खडबडीत होते आणि चालता येत नाही. लहान ब्रश, कमी तीव्रता, आणि शेवटी तळावर फ्लॅटन, असं करा. तोंडाशी मोठे खडक लावायचे असतील तर आधी तळ तपासून घ्या, नंतर लावा.

सावधान: चांगला निवारा जमला की तो ब्लूप्रिंट, म्हणजे पुन्हा वापरता येणारा आराखडा, म्हणून साठवून ठेवा, पुढच्या हॅबिटॅटला उपयोगी पडतो. मात्र ब्लूप्रिंटमध्ये जमीन साठत नाही. गुहेची ब्लूप्रिंट केली तर फक्त दगड मिळतील, टेकडी मिळणार नाही.

## टप्पा ६: ट्रॅव्हर्सेबल एरिया वाचायला शिका

हॅबिटॅटच्या किंवा जनावराच्या खिडकीतून हा थर चालू करा. जनावर पोहोचू शकतं तो भाग रंगलेला दिसतो. चार गोष्टी पाहा.

पहिली, रंग सलग आहे का? मध्येच बेट तुटलेलं असेल तर तिथे जायला वाट करा. दुसरी, निवाऱ्याच्या दारातून रंग आत शिरतोय का? तिसरी, चाऱ्याच्या आणि पाण्याच्या जागेपर्यंत रंग आहे का? चौथी, आणि सगळ्यात महत्त्वाची: रंग कुंपणाच्या बाहेर सांडतोय का? सांडत असेल तर जनावरही बाहेर जाऊ शकतं. चढणाऱ्या जनावरांच्या बाबतीत याचं नेहमीचं कारण म्हणजे कुंपणाला लागून ठेवलेला खडक किंवा चढण्याची चौकट. त्या वस्तू कुंपणापासून दूर सरकवा.

नल बॅरिअर, म्हणजे न दिसणारं कुंपण, वापरलं असेल तर ही तपासणी दोनदा करा. ते फक्त हॅबिटॅटची हद्द ठरवतं. जनावराला अडवायचं काम तुम्ही उभारलेल्या भिंतीने किंवा खंदकाने करायचं असतं.

चढणाऱ्या जनावरांसाठी चौकटी ठेवल्या की त्यांची वेगळी पट्टी भरते, पण त्यांचे खांब जमिनीवरची जागा अडवतात. दोन्ही पट्ट्या एकत्र पाहा.

तपासणी: हा टप्पा पूर्ण होईपर्यंत एकही शोभेचं झाड लावलेलं नसावं.

## टप्पा ७: कीपर, चारा, ऊब

चारा आणि पाण्याच्या वस्तू कीपर पोहोचू शकेल अशा जागी ठेवा. जनावर पोहोचतं पण कीपर पोहोचत नाही, अशी जागा झाली तर भरल्या झूमध्ये जनावर उपाशी राहतं. निवाऱ्यातली घाण काढायलाही कीपरला आत जाता आलं पाहिजे. कीपर हट, विजेची सोय आणि कर्मचारी आधीच तयार असू द्या.

तापमान जुळत नसेल तर हीटर किंवा कूलर लावा. त्यांना वीज लागते. मी ते निवाऱ्याच्या आणि चाऱ्याच्या आसपास लावतो, कारण जनावर जास्त वेळ तिथेच असतं. तापमानाचा हीटमॅप चालू करून निवाऱ्यापर्यंत ऊब पोहोचते का ते बघा. यंत्र निवाऱ्याच्या आत मध्यभागी ठेवू नका. पुन्हा तीच जमीन अडते.

## टप्पा ८: रंग आणि झाडी

आता जमिनीला गवत, माती, खडक, वाळू, बर्फ यांचे रंग जनावराच्या आवडीप्रमाणे द्या. पट्ट्यांकडे बघत थोडं-थोडं रंगवा. त्यानंतर झाडं. प्लँट फिल्टरमध्ये जनावराचा खंड आणि बायोम (जंगल, गवताळ प्रदेश, वाळवंट असा प्रदेशाचा प्रकार) निवडा, म्हणजे चुकीचं झाड लागत नाही.

जाड खोडाची झाडं कुंपणाकडेला आणि निवाऱ्याच्या मागे लावा, मध्ये पातळ झुडपं ठेवा. यामुळे झाडीचं प्रमाण भरतं आणि जमीन फारशी जात नाही. जागेची पट्टी आधी हिरवी होती आणि झाडं लावल्यावर खाली आली, तर शेवटी ठेवलेले मोठे खडक आणि जाड खोडं काढून पाहा. कुंपण वाढवायची घाई करू नका.

## टप्पा ९: आधी एकच जनावर

ट्रेड सेंटरमधून, म्हणजे जनावरं जिथून आणता आणि जिथे तात्पुरती ठेवता येतात त्या इमारतीतून, पूर्ण कळप एकदम आणू नका. एक जनावर आणा, त्याच्या हॅबिटॅटच्या पट्ट्या उघडा आणि खेळ थोडा वेळ चालू द्या. जागा, पाणी, निवारा, तापमान, झाडी, प्रत्येक पट्टी नीट बघा. कळपातली जनावरं एकलकोंडी राहत नाहीत, त्यामुळे सामाजिक पट्टी खाली असेल. तिच्याकडे आत्ता दुर्लक्ष चालेल.

मग बाकीचे आणा आणि निवाऱ्याची पट्टी पुन्हा पाहा. एका जनावरासाठी भरलेली पट्टी पाच जनावरांना उतरू शकते. निवारा पुरेसा असताना पट्टी उतरली तर दार, आतली अडगळ आणि छपरातली फट या क्रमाने शोधा.

वेगवेगळ्या जातींची जनावरं एकत्र ठेवायची असतील तर झूपीडियात कोण कोणासोबत चालतं ते आधी बघा. नवी जात आत आली की प्रत्येक जातीच्या एकेका जनावराच्या पट्ट्या पुन्हा उघडा. एका जातीला हिरवं असलं म्हणजे दुसरीलाही असेलच असं नाही, आणि लहान जनावरांना मोठ्यांच्या निवाऱ्यापासून वेगळा कोपरा दिलेला बरा.

वाढीवर लक्ष ठेवा. मोर, शहामृग आणि रानडुकरं फार वेगाने वाढतात. दुसऱ्या टप्प्यात ठरवलेल्या संख्येला कळप पोहोचला की गर्भनिरोधक चालू करा किंवा मोठी होणारी पिल्लं हलवा. जागा संपल्यावर हे करण्यात अर्थ नाही, कारण तोपर्यंत वेल्फेअर घसरलेलं असतं आणि झूमध्ये निदर्शक आलेले असतात.

गेमच्या फ्रँचाइझ प्रकारात पैसा अडकवण्याआधी सँडबॉक्स या मोकळ्या प्रयोगाच्या प्रकारात हॅबिटॅट बांधून पाहणं ही चांगली सवय आहे. विशेषतः हत्ती आणि भारतीय गेंड्यासारखी मोठी जनावरं आणण्याआधी हे कराच.

## टप्पा १०: तरीही वाढवायची वेळ आली तर

राहत्या हॅबिटॅटचं कुंपण आधी तोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. क्रम उलटा ठेवा.

गेम थांबवा. जुन्या कुंपणाच्या बाहेरून नवं कुंपण काढून ते जुन्याला दोन्ही टोकांशी जोडा. नवीन भागातली जमीन सपाट करा, पाहुण्यांचा रस्ता मध्ये आला असेल तर तो हलवा. नव्या तुकड्यांची उंची, ग्रेड आणि चढता न येण्याचा पर्याय जुन्यासारखा आहे का ते पाहा. नव्या तुकड्यांवर गेम नेहमी तुमची आधीची निवड ठेवतोच असं नाही. दोन्ही वर्तुळं बंद दिसली की मगच मधलं जुनं कुंपण काढा. वाघ, सिंह, अस्वल यांच्यासारखं धोकादायक जनावर असेल तर या वेळापुरतं ते ट्रेड सेंटरमध्ये हलवा.

जोडणी झाली की ट्रॅव्हर्सेबल एरिया पुन्हा लावा. जुन्या कुंपणाच्या जागी अनेकदा जमिनीत उंचसखल पट्टा राहतो आणि नवा भाग जुन्याशी जोडला जात नाही. त्यावर स्मूद ब्रश फिरवा, रंग सलग झाला की गेम चालू करा आणि जनावर नव्या बाजूला स्वतःहून फिरकेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवा.